रात्री बँड काढून ठेवायचा का?

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

रात्रभर फिटनेस बँड हातावर ठेवला तर त्याच्या रेडिएशनचा त्रास होतो का, आणि आजीलाही तसलाच एक घेऊन दिला तर चालेल का, असं तू विचारलंस. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत. तू खुशाल घाल. आजीसाठी घेण्याआधी मात्र हे पत्र शेवटपर्यंत वाच.

बँडमधून नक्की काय बाहेर पडतं ते आधी बघू. खालचे हिरवे दिवे म्हणजे साधे एलईडी, त्वचेखालच्या रक्ताची ये-जा त्यांच्या परतलेल्या उजेडावरून कळते. जीपीएस असेल तर तो नुसता ऐकतो, उपग्रहाकडे काही पाठवत नाही. पावलं मोजणारा सेन्सर फक्त हालचाल टिपतो. साध्या बँडमध्ये रेडिओलहरी सोडणारा भाग एकच, तो म्हणजे ब्लूटूथ. त्याची वारंवारिता 2.4 गिगाहर्ट्झ, म्हणजे घरातल्या वायफायचीच, आणि ताकद साधारण 1 मिलिवॅटच्या आसपास, काहींत थोडी जास्त. तुझा 4जी फोन गरज पडली तर 200 मिलिवॅटपर्यंत जातो. जुने 2जी फोन तर क्षणभरापुरते 2 वॉटपर्यंत जायचे.

बरं, ते 1 मिलिवॅटही अखंड चालू नसतं. फोनशी जोडणी नसेल तेव्हा बँड ‘मी इथे आहे’ अशी हाक देतो: 37, 38 आणि 39 या तीन चॅनेलवर एकेक छोटा संदेश, प्रत्येक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान, आणि मग चूप. सेकंदाला एकदा हाक धरली तरी सरासरी काढल्यावर आकडा मिलिवॅटवरून मायक्रोवॅटवर उतरतो. यातून एक गंमत निघते. फोनचं ब्लूटूथ बंद करून झोपलं की बँड शांत होतो असं पुष्कळांना वाटतं, पण जोडणी तुटली की तो उलट हाका मारत बसतो. त्याला गप्प करायचंच असेल तर बँडच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये विमान मोड आहे का ते बघ. झोपेची नोंद बँडमध्येच साठते, सकाळी जोडल्यावर फोनवर येते, त्यामुळे काही हरवत नाही.

माझ्या शब्दावर किंवा कंपनीच्या कागदावर विसंबायचं नसेल तर बॅटरीला विचार. समज, बँडची बॅटरी 200 मिलिअँपिअर-तासांची आहे आणि व्होल्टेज 3.85. गुणाकार केलास की 770 मिलिवॅट-तास येतात. एकदा चार्ज केल्यावर तो 10 दिवस, म्हणजे 240 तास चालला, तर भागाकार साधारण 3.2 मिलिवॅट. पडदा, दिवे, चिप, कंपन आणि ब्लूटूथ या सगळ्यांचा मिळून सरासरी खर्च एवढाच. बॅटरीत जेवढी ऊर्जा आहे त्याहून जास्त बाहेर पडणार कुठून? आणि हे 3.2 मिलिवॅट सगळेच्या सगळे रेडिओलहरी होऊन मनगटाच्या 10 ग्रॅम मांसात मुरले असं अगदी अशक्यातलं गृहीत धरलं, तरी किलोला 0.32 वॉट होतात. हातापायांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 10 ग्रॅमच्या सरासरीवर किलोला 4 वॉट आहे. तुझ्या बँडच्या बॅटरीचा आकडा खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत सापडेल, तो घालून स्वतः करून बघ.

या लहरी करतात काय, हेही एकदा समजून घे. पेशीतल्या डीएनएचे बंध तोडायला जी ऊर्जा लागते ती क्ष-किरणांत आणि काही अतिनील किरणांत असते. 2.4 गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे लहरीच्या ऊर्जेच्या सगळ्यात छोट्या पुडीत, इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे ऊर्जेचं एक चिमुकलं माप) साधारण एक लाखावा भाग असतो, अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला मात्र दहाच्या आसपास इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हे अंतर दहा लाख पटींचं आहे, आणि असे कितीही फोटॉन आले तरी ते मिळून एका फोटॉनचं काम करत नाहीत. मग सिद्ध झालेला परिणाम उरतो तो उष्णतेचा. मर्यादा त्यावरच बांधल्या आहेत: सगळ्या शरीरात किलोला 4 वॉट मुरले की तापमान साधारण एक अंशाने चढतं, म्हणून सामान्य माणसासाठी मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर, 0.08 वर ठेवली.

‘सार’ (एसएआर) हा जो आकडा फोनच्या खोक्यावर असतो, तो याच मुरलेल्या ऊर्जेचा. शरीराइतकीच वीज वाहून नेणारं द्रव एका टाकीत किमान 15 सेंटिमीटर खोल भरतात, उपकरण पूर्ण ताकदीवर लावून टाकीला भिडवतात आणि यंत्राचा हात त्या द्रवात बारीक सुई फिरवून प्रत्येक बिंदूवरचं विद्युतक्षेत्र मोजतो. घड्याळाची मागची बाजू टाकीला चिकटवून मनगटाचा आकडा काढतात, पुढची बाजू 10 मिलिमीटर लांब धरून तोंडाजवळ बोलतानाचा. भारतात फोनसाठी 1 सप्टेंबर 2012 पासून मर्यादा किलोला 1.6 वॉट आहे, 1 ग्रॅमच्या सरासरीवर. तुझ्या फोनवर *#07# दाबलंस तर त्याचा आकडा समोर येईल.

आता ‘कॅन्सर होऊ शकतो असं जागतिक आरोग्य संघटनेनं म्हटलंय’ या वाक्याबद्दल. मे 2011 मध्ये फ्रान्समधल्या लिआँ इथे 14 देशांच्या 31 शास्त्रज्ञांनी रेडिओलहरींना ‘2बी’ गटात टाकलं, हे खरं. पण हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. पुरावा होता तो कानाला फोन लावून पुष्कळ बोलणाऱ्यांचा, तोही मर्यादित म्हणूनच नोंदला. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत (आजीच्या कैरीच्या लोणच्याचा त्यात दोष नाही, काळजी नको). 2018 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी दिसल्या, तेही लोक फार सांगतात. त्या उंदरांना दोन वर्षं रोज नऊ तास सगळ्या अंगावर किलोला 1.5 ते 6 वॉट दिले होते, आणि तरी ते लहरी न देता ठेवलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले, हे मात्र कुणी पुढे पाठवत नाही. पुढे 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात 63 अभ्यास तपासले गेले, त्यांत मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. मनगटावरच्या बँडचा तीस वर्षांचा पाठपुरावा आज कुणाकडेच नसणार, कारण वस्तूच अजून तेवढी जुनी नाही. पण ताकदीचा हिशोब वर केलाय, तो वयावर अवलंबून नाही.

एक अपवाद नीट लक्षात ठेव. ज्या घड्याळात सिम किंवा ई-सिम असतं, ते टॉवरशी थेट बोलतं, आणि रेंज कमी असली की फोनसारखंच 200 मिलिवॅटपर्यंत चढतं. म्हणून तर कॉल चालू असताना त्याची बॅटरी दीड-दोन तासांत बसते. तेही मर्यादेच्या आतच असतं, पण कमी करणं सोपं आहे: फोन जवळ असेल तेव्हा घड्याळाचं मोबाइल नेटवर्क बंद ठेव, आणि तळघरात, लिफ्टमध्ये, घाटात लांबलचक बोलणं टाळ. फोनचंही तेच. सगळ्यात जास्त लहरी डोक्याजवळ येतात त्या कमजोर रेंजमध्ये फोन कानाला लावून बोलताना. ज्याला बँडची धास्ती वाटते तोच उशाशी फोन ठेवून झोपतो, याला काय म्हणावं!

‘रेडिएशन शोषून घेणारे’ स्टिकर आणि लॉकेट मात्र चुकूनही घेऊ नकोस. स्टिकरने अँटेना झाकला गेला तर फोन जोर वाढवतो, म्हणजे पैसे देऊन उलटा परिणाम. लॉकेटची गोष्ट त्याहून वाईट. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा संस्थेने 5जीपासून वाचवणारी म्हणून विकलेली दहा उत्पादनं तपासून बंद केली; त्यांत लॉकेट होती, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी होती, लहान मुलांचं कडंही होतं. ती स्वतःच किरणोत्सारी निघाली, खऱ्या अर्थाने, डीएनए तोडू शकणाऱ्या किरणांची. ‘ऋण आयन’ निघावेत म्हणून अशा वस्तूंत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असलेल्या खनिजाची पूड घालतात. बाजारात ‘क्वांटम’, ‘स्केलर’ अशा नावांनी काळपट गोल चकत्या मिळतात. कुणी भेट दिली तरी अंगावर घालू नकोस.

बँडमुळे खरोखर होणारे त्रास अगदी साधे आहेत. पहिला पुरळ. पट्ट्याखाली घाम आणि साबण अडकतो, कातडी ओली राहते, ती लाल होते. लोक त्याला रेडिएशनचा चट्टा म्हणतात. धावून आलीस की बँड काढ, हात आणि पट्टा धू, दोन्ही कोरडे झाल्यावरच परत घाल. एरवी पट्ट्याखाली एक बोट जाईल इतका सैल ठेव आणि अधूनमधून हात बदल. खोटे कानातले घातले की तुझे कान खाजतात ना, मग तुला निकेल सोसत नाही. बक्कल धातूचं नको. 2014 मध्ये फिटबिट कंपनीला ‘फोर्स’ हा बँड परत घ्यावा लागला तो पुरळामुळेच, संशय होता निकेलवर आणि चिकटवण्याच्या द्रव्यावर.

दुसरा त्रास बॅटरीचा. 2022 मध्ये याच कंपनीची ‘आयोनिक’ घड्याळं परत बोलावली गेली, बॅटरी तापून लोकांची मनगटं भाजली होती. नागपूरच्या मे महिन्यात तू बंद गाडीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर बँड ठेवू नकोस. 45 अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं तिला मानवत नाही. हातावर असताना चार्ज करायचा नाही. चार्जरच्या पिना पुसून, कोरड्या करूनच जोडायच्या, नाहीतर घामातल्या मिठाने त्या गंजतात. पडदा एका बाजूने उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे असं समज. त्या दिवसापासून बँड बंद, दाबून बसवायचा प्रयत्नही नको. विकत घेताना मागे किंवा खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघ आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खातरजमा कर. तीनशे-चारशे रुपयांच्या बिननावाच्या घड्याळात मला रेडिओलहरींची नाही, याच बॅटरीची भीती वाटते.

आणि आकड्यांवर फार जीव टाकू नकोस. धावताना नाडी अचानक 170-175 वर जाऊन तिथेच चिकटली तर बँड बहुधा तुझी पावलं मोजतोय. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर घट्ट बांध आणि गळ्याजवळ बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजून बघ. सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ कुणी दाखवलं तर त्याच्या भानगडीत पडू नकोस. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं, असं एकही उपकरण त्यांनी मान्य केलेलं नाही.

आता आजी. तिला पेसमेकर आहे, आणि तिच्या बाबतीत काळजी लहरींची नसून चुंबकाची. घड्याळाच्या चार्जरमध्ये आणि काही पट्ट्यांच्या बक्कलमध्ये चुंबक असतो. पेसमेकरजवळ साधारण 10 गॉसचं चुंबकक्षेत्र आलं की तो तपासणीसाठीच्या मोडमध्ये जातो आणि हृदयाचं न ऐकता ठरावीक गतीने ठोके देत राहतो. चुंबक दूर केला की पूर्ववत होतो. हृदयाला शॉक देण्यासाठी छातीत बसवलेल्या यंत्रात शॉकच थांबतो, ते जास्त धोक्याचं. म्हणून अंतर किमान 15 सेंटिमीटर. तिचा पेसमेकर डाव्या बाजूला आहे, तेव्हा बँड उजव्या हातात, रबरी पट्टा आणि साधं बक्कल. चार्जर तिच्या खोलीत नकोच, स्वयंपाकघरात ठेव. ती छातीवर हात ठेवून झोपते, म्हणून रात्री बँड काढायचा. अंगातली चरबी मोजणारं घड्याळ तिला घेऊच नकोस. ते शरीरातून बारीक विद्युतप्रवाह सोडतं आणि पेसमेकर असलेल्यांनी ते वापरू नये असं माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं असतं. घेण्याआधी तिच्या पेसमेकरच्या कार्डाचा फोटो काढून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखव आणि मॉडेलचं नाव सांगूनच विचार.

तुझी,
आई

ता. क. नवा पट्टा घेताना ‘फ्लुओरोइलॅस्टोमर’ असं लिहिलेला महागडा नको, साधा सिलिकोनचा घे. 2024 मध्ये अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाने 22 पट्टे तपासले, तेव्हा त्या प्रकारच्या पट्ट्यांत सहजी नष्ट न होणारी फ्लोरिनयुक्त रसायनं सापडली.