चढावरची सायकल : अडते ती दात्यांवर आणि साइडपट्टीवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दापोली तालुक्यात सायकलचा विषय काढला की एकच उत्तर मिळते : 'आमच्याकडे चढ-उतार, सायकल घाटावरच्या सपाटीला ठीक.' मग औषधाची एक पट्टी, बँकेतली एक सही, दोन किलो दळण एवढ्यासाठीही चार-पाच किलोमीटरवर मोटार निघते. अशा फेरीत इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते, आणि थंड इंजिनच जास्त पेट्रोल खाते. चढ आहेत हे खरेच. पण ते मोजून पाहिले तर दिसते की सायकल मुख्यतः तीन गोष्टींवर अडते : मागच्या चकतीचे दाते, ब्रेक आणि रस्त्याची कड. तिन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे 240 मीटर उंचीवर आहे. हर्णैकडून येणाऱ्याला पंधराएक किलोमीटरमध्ये एवढे चढायचे असते. सरासरी काढली तर शंभर मीटरला जेमतेम दीड मीटर. पण चढ असा सारखा वाटून येत नाही. मध्येच रस्ता व्हाळाकडे (ओढ्याकडे) उतरतो आणि पुन्हा छातीवर येतो. कस लागतो तो शंभराला आठ मीटर चढणाऱ्या तुकड्यात. स्वार, सायकल आणि पिशवी मिळून 90 किलो धरू. साध्या काळ्या सायकलला पुढे 44 आणि मागे 18 दाते असले तर पेडलच्या एका फेरीत ती सव्वापाच मीटरच्या वर जाते. मिनिटाला 40 फेऱ्या मारल्या तरी त्या चढावर 275 वॅटच्या पुढे ताकद लागते. सराव नसलेला धडधाकट माणूस तासभर देऊ शकतो साधारण 100 वॅट. म्हणून लोक उतरून ढकलतात, यात त्यांच्या पायांचा दोष नाही.

'21 गिअरची' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींना मागे 14 ते 28 दात्यांची फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच असतो. पुढची सर्वांत लहान चकती 24 दात्यांची असेल, तर एका फेरीत पावणेदोन मीटर आणि मिनिटाला 60 फेऱ्यांना 135-140 वॅट. अजून जडच. तीच फ्रीव्हील काढून 14 ते 34 ची बसवली की फेरी 1.45 मीटरवर येते, वेग ताशी पाच किलोमीटर आणि ताकद 110-115 वॅट. इथे चढ आवाक्यात येतो. खर्च एका फ्रीव्हीलचा आणि बहुधा नव्या चेनचा. पण तीन गोष्टी आधी पाहाव्यात. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) 34 दाते झेपणारा, म्हणजे लांब पिंजऱ्याचा हवा. चेन जुन्या मापाची ठेवू नये : पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकदम पडली तर आखूड चेन डिरेलर ओढून वाकवते, म्हणून कड्या मोजून वाढवाव्यात. आणि फ्रीव्हील काढायला तिच्या खाचांचाच पाना लागतो. छिन्नी-हातोड्याने ठोकून काढल्यास हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचे आटे जातात.

गिअर चढाच्या आधी बदलावा. पाय अडल्यावर जोर देत बदलला की चेन दात्यांवर चढत नाही, घसरते किंवा तुटते. चढावर चेन तुटण्याचे बहुतेक प्रकार याच चुकीचे असतात. सीटही तपासावी. पेडल तळाला असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे. चढावर त्याची किंमत गुडघे देतात. स्वस्त सायकलींचा पुढचा-मागचा सस्पेन्शन चढाच्या कामाचा नाही : प्रत्येक पेडलला तो दबतो, शिवाय वजन वाढवतो. साधा ताठ फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) घ्यावा. ट्यूबचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असावा, म्हणजे पेट्रोल पंपावर किंवा कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक वॉल्व्हला हवा भरण्यासाठी वेगळी जोडटोपी (अ‍ॅडॅप्टर) लागते, ती खेड्यात मिळत नाही.

उताराकडे लोक दुर्लक्ष करतात. 240 मीटर उतरताना 90 किलो वजनाची जी ऊर्जा सुटते, ती सगळी ब्रेकमधून गेली तर पाऊण लिटरभर पाण्याला उकळी येईल. एकच ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, आणि डिस्कचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होऊन धरेनासे होतात. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकत्र जोरात दाबून वेग उतरवावा, मग सोडून थंड होऊ द्यावेत. पावसाळ्यात रिमवरचे ब्रेक पहिल्या काही फेऱ्या नुसते पाणी पुसतात, आणि जांभ्याचा लाल चिखल रबर आणि रिम दोन्ही खरवडतो. म्हणून इथल्यासाठी तारेचा डिस्क ब्रेक बरा. पॅड झिजले की तो आपोआप जुळत नाही. लीव्हर हँडलला टेकायच्या आत तार ताणून घ्यावी. चेनला तेल घालताना डिस्कवर एक थेंबही उडता कामा नये. जुलै-ऑगस्टमध्ये झाडांखालच्या वळणांवर शेवाळ धरते. तिथे सायकल कलती असताना ब्रेक लावूच नये.

ओझे मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना खाली लटकवावे. दहा किलो वाणसामान पाठीवर घेतले तर चढावर कंबर धरते, आणि उंच बांधले तर पुढचे चाक हलके होऊन सायकल भरकटते. खाडीकाठच्या आणि समुद्राकाठच्या गावांना एक सोय आहे : बाजाराला जाताना रिकामे चढायचे, भरल्या पिशव्यांनी उतरायचे. उन्हाळ्यात मात्र चढ सकाळी नऊच्या आत संपवावा. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापते.

ज्यांचे वय किंवा गुडघे याला राजी नाहीत त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल आहे. 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा पाळणाऱ्या सायकलला नोंदणी लागत नाही. वर काढलेल्या 240 मीटर चढाला सुमारे 59 वॅट-तास ऊर्जा लागते. निम्मी पायांनी दिली आणि मोटरमधली गळती धरली, तर बॅटरीतून 45 च्या आसपास जाते. 36 व्होल्ट, 7.8 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 280 असते, म्हणजे सपाटीवरचा खर्च धरूनही एक जाऊन-येऊन सहज होते. पण मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असेल तर तिला चढावर रखडवू नये. वेग फार पडला की बरीच वीज फिरवण्याऐवजी तापण्यात जाते आणि तारा जळू शकतात. हलक्या गिअरवर पाय चालवून तिला मदत करावी.

रुग्णाला नेणे, गॅसचा सिलिंडर, मुसळधार पावसातली रात्र ही मोटारीचीच कामे आहेत आणि राहतील. बाकीच्या फेऱ्यांसाठी नगरपंचायतीने बाजारपेठेत आणि एसटी स्थानकाजवळ जमिनीत रोवलेले लोखंडी कठडे द्यावेत, ज्यांना चौकट आणि चाक दोन्ही साखळीने बांधता येतील. चाक अडकवायच्या खाचा उपयोगाच्या नाहीत, त्यात चाकच वाकते.

सार्वजनिक बांधकाम विभागाकडे मागणी साइडपट्टीची आहे. चढणारी सायकल ताशी पाच-सहा किलोमीटरने जाते, त्या वेगाला ती थोडी डुलतेच. तिला डांबराच्या कडेला मीटरभर सलग जागा हवी. उतरणारी सायकल वाहनांच्या वेगाच्या जवळ असते, ती रस्त्यावरूनच जाऊ शकते. आज मात्र पावसाने माती वाहून गेली की डांबराची कड वीतभर उंच उरते. मागून डंपर आला तर सायकलस्वाराला खाली उतरायला जागाच नसते. दोन्ही बाजूंना पुरेल एवढा निधी नसेल तर घाटाच्या तुकड्यांत चढाची बाजू आधी भरावी, मुरूम नुसता पसरू नये तर पाणी मारून रोलरने दाबावा, आणि गणपतीला येणाऱ्या गाड्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत हे काम पुरे करावे.

– एक सायकलस्वार वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी