विषय : लायटनिंग अरेस्टरच्या सदोष अर्थिंगबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

एप्रिलमध्ये आपल्या माणसांनी गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरावर लायटनिंग अरेस्टर, म्हणजे पडणारी वीज झेलून जमिनीत सोडणारी सळई, बसवला. परतीच्या पावसात, १२ ऑक्टोबरला तिन्हीसांजेला त्यावर वीज पडली. फ्रिज, इन्व्हर्टर आणि विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर जळाला, पडवीच्या कोपऱ्यातले दोन चिरे फुटले. त्याच कोपऱ्यातल्या नळावर पाय धुऊन आई पाचच मिनिटांपूर्वी आत आली होती. फ्रिज पुन्हा घेता येईल.

फोन केला तर 'नैसर्गिक आपत्ती, कंपनी जबाबदार नाही' एवढंच उत्तर मिळालं. अहो, वीज पडणार म्हणूनच तर आम्ही पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी वायरमनने अर्थिंगला, म्हणजे वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीला, अर्थ टेस्टर लावला. वीज जमिनीत जाताना होणारा रोध ८४ ओहम! अरेस्टरच्या अर्थिंगला तो १० ओहमच्या आत हवा. जमीन ओली असताना ही गत, तर मे महिन्यात, वळवाच्या तोंडावर काय असेल? खड्डा उकरला तेव्हा अर्थिंगचा पाइप जेमतेम तीन फूट निघाला. आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे तो किमान अडीच मीटर लांब लागतो. खाली कातळ लागला म्हणून आपल्या माणसांनी पाइप कापला आणि वर सिमेंटचं झाकण बसवून टाकलं. आमच्याकडे जिकडेतिकडे जांभाच. सुका जांभा वीज सहजी मुरू देत नाही, हे कोकणात काम घेणाऱ्याला ठाऊक हवं. मागे आगरात माडांच्या आळ्यांजवळ बारमाही ओल असते. तिथे धातूची पट्टी आडवी पुरून, अंतराअंतराने दोन-तीन पाइप ठोकून एकमेकांना जोडता आले असते. विचारलं असतंत तर मी स्वतः जागा दाखवली असती.

शिवाय अरेस्टरपासून खाली आणलेली तांब्याची पट्टी पन्हळीला वळसा घालून काटकोनात फिरवली आहे. वीज असं वळण घेत बसत नाही. ती तिथूनच नळाच्या लोखंडी पाइपवर उडाली. अरेस्टरचं अर्थिंग घराच्या मीटरच्या अर्थिंगला जोडलेलंच नाही, म्हणून दोन्हींमधला विद्युतदाबाचा (व्होल्टेजचा) फरक घरातल्या उपकरणांवर आला. आणि बिलात लावलेला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक वाढलेल्या विद्युतदाबापासून उपकरणं वाचवणारं साधन, मेनबोर्डात नाहीच.

सध्या आभाळ गडगडलं की आम्ही मेनस्विच पाडून माजघरात बसतो.

१५ दिवसांत आपला अभियंता पाठवून अर्थिंग नव्याने करून द्यावं, माझ्यासमोर रोध मोजून लेखी अहवाल द्यावा आणि जळालेल्या वस्तूंची भरपाई द्यावी. वस्तूंची बिलं व खड्ड्याचे फोटो सोबत जोडले आहेत. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आमच्या वाडीत आपण आणखी चार घरांवर आणि शाळेवर अरेस्टर बसवले आहेत. शाळेच्या खड्ड्यालाही तसंच सिमेंटचं झाकण आहे. आधी ते उघडा. आमचं नंतर केलंत तरी चालेल.

आपला ग्राहक
(ग्राहक क्रमांक सोबतच्या बिलावर आहे)