मुक्तास, पार्सलसोबत

कराड,
गुरुवार, रात्री

चि. मुक्ता हिस बाबांचा अनेक आशीर्वाद.

तुझं खोकं मिळालं. तेल आईने त्याच रात्री लावलं. उटण्याचा डबा मीनाआत्याने आल्याआल्या पळवला, तो काही आता परत यायचा नाही. तू विकायला केलेल्या कोरफडीच्या जेलबद्दल फोनवर बोलायला गेलो तर तू फोन ठेवलास. ठेवलास तर ठेवलास. पत्र मधेच ठेवता येत नाही, म्हणून लिहितोय.

झाकणाच्या आतल्या आट्यांत राखाडी ठिपके होते. दुकानातलं भिंग लावून बघितलं, बुरशीच आहे. बाटली सावलीत, मांडणीवर होती. तू म्हणालीस, "बाबा, त्यात व्हिटॅमिन ई घातलंय." अगं, व्हिटॅमिन ईने तेल खवट व्हायचं लांबतं एवढंच. जंतूंना आणि बुरशीला त्याचं सोयरसुतक नाही. ताज्या कोरफडीचा गर म्हणजे बहुतेक सगळं पाणीच, आणि पाणी म्हटलं की त्यात काहीतरी जीव धरणारच. लोक ते डोळ्यांखाली लावणार आहेत.

बस, एवढंच सांगायचं होतं. पुन्हा या विषयावर येणार नाही.

तेल मात्र झकास झालंय. आक्काच्या तेलाच्या अगदी जवळ गेलीस. माक्याचा रस तूच काढलास ना? वासावरून कळलं, पावडरीचं तेल असं लागत नाही. कालव्याच्या कडेचा माका उपटून आणायचो तेव्हा तू टोपली धरायला यायचीस. पाट्यावर वाटताना रस हिरवागार, आणि हातावर राहिला की काळा. एकदा तशीच शाळेत गेलीस, तर बाईंनी शाई सांडली म्हणून हात धुवायला पाठवलं, आणि तू वर्गभर सांगत सुटलीस की हा आमच्या घरचा कलप आहे. आक्काचं माप तुला पाठ होतं: कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, एक, तेल चार, रस सोळा. मंद आच. शेवटी कापसाची वात त्या तेलात भिजवून पेटवायची. तडतडली की ती म्हणायची, "अजून पाणी हाय," आणि कढई पुन्हा चुलीवर. वात शांत जळेपर्यंत तेल बाटलीत भरायची नाही, मग दारात गिऱ्हाईक ताटकळत का असेना. तिला जंतू माहीत नव्हते. पाणी राहिलेलं तेल टिकत नाही हे माहीत होतं.

बघ, आलो पुन्हा पाण्यावरच.

तू दोन किलो बावची मागवली होतीस. पार्सलमध्ये ती नाही. विसरलो नाही, मुद्दाम पाठवली नाही. चेहऱ्याच्या क्रीममधल्या बकुचिऑलचं सध्या फार नाव आहे आणि ते बावचीतूनच काढतात, हे मलाही माहीत आहे. पण ते शुद्ध करून काढलेलं द्रव्य. तू बावचीचं अख्खं बी तेलात मुरवणार, म्हणजे त्यात बियांतलं सोरालेन हे दुसरं द्रव्यही उतरणार, आणि सोरालेन लावलेल्या कातडीला ऊन सोसत नाही. कोडावर वैद्य बावची लावून उन्हात बसवतात ते याच गुणासाठी, आणि तेही वेळ मोजून, समोर बसवून. तुझं गिऱ्हाईक सकाळी चेहऱ्याला लावून स्कूटीवरून ऑफिसला जाईल. चट्टे उठले तर ती तुला विचारेल, बावचीला नाही.

झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी, हे काष्ठौषधीच्या दुकानात वाढलेल्या मुलीने म्हणू नये. बिब्बा झाडाचाच. बाबूकाकाला उतला होता तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता, तू पाहिलायस. कोरफडीचं पान कापल्यावर आधी पिवळा चीक गळतो, तो निथळू न देता गर काढला तर कातडी खाजते. मेंदीचा रंग विटकरीच चढतो. कोणी काळीभोर मेंदी आणून दिली तर त्यात पीपीडी, म्हणजे केस काळे करायचं रसायन, असण्याची शक्यता धरायची आणि लांब राहायचं. ती पाकिटं मी दुकानात ठेवत नाही म्हणून दर लग्नसराईत गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं. जाऊ दे.

हे व्याख्यान झालं, कळतंय मला. आई आतून विचारतेय, पत्र लिहिताय की परिपत्रक. रागावू नकोस. दिवसभर गल्ल्यावर बसून माणसाला सांगायची सवय लागते, आणि ऐकणारं गिऱ्हाईक हल्ली कमी झालंय.

तू पोटात होतीस त्या वर्षीची गोष्ट. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोघांना हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं होतं. आपले शास्त्रज्ञ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख. त्यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आक्का हसून म्हणाली, "हळद लावायला आता साहेबाला इचारायचं?" पण तिथे 'आमची आजी लावायची' एवढ्यावर भागलं नाही गं. ३२ लेखी पुरावे ठेवावे लागले, त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने उतारे होते. म्हणून सांगतो, वही ठेव. कोणत्या तारखेचा माका, कुणाकडचं तेल, किती वेळ आच, कोणत्या घाण्याची बाटली कुणाकडे गेली. बाहेरून तयार अर्क घेतेस त्यात झाड किती आणि ग्लिसरीन-पाणी किती, हेही लेखी माग. आणि बनवून विकायचं तर परवाना लागतो, २०२० चे कॉस्मेटिक्सचे नियम आहेत. एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, ऑफिसात एकदा जाऊन ये, एकटी जाणार नसशील तर मी येतो.

नोकरी सोडलीस त्यावर मी एक शब्द बोललेलो नाही, आईला विचार. लोकांना मी सांगतो की पोरगी दुकान पुढे नेतेय, फक्त पुण्यात. परवा बँकेतल्या साहेबांना तुझी बाटली दाखवली तर त्यांनी लेबल वाचून विचारलं, हे छापलंय कुणी? म्हटलं, छापलंय, लिहिलंय, शिजवलंय, सगळं तिनेच. रात्री झोप येत नाही ती गोष्ट वेगळी. स्वयंपाकघरात एकटी, कढई, उकळतं तेल, आणि तू जेवलीस का ते कोण बघणार.

तर जेलचं. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही प्रिझर्वेटिव्हची जोडी बघ, पण ती आम्लातच काम करते, तेव्हा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, पाचाच्या खाली आला की नाही ते मोजून घ्यायचं, अंदाजाने नाही. 'प्रिझर्वेटिव्ह नाही' हे लेबलावरून जाईल, याचं तुला वाईट वाटतंय. वाटू दे. नाहीतर कोरफड वाळवून पूड विक, लावताना ज्याने त्याने पाणी घालावं. ज्यांना ती खेप गेली त्यांना आजच फोन करून बाटल्या परत माग, पैसे परत दे. किती होतात ते कळव, मी पाठवतो, आणि याचा हिशोब मांडायचा नाही.

पार्सलमध्ये नागरमोथा, कचोरा, वाळा आणि निवडलेली शिकेकाई आहे. शिकेकाई उन्हात टाकून मगच दळ, आपल्याकडे दोन दिवस भुरभुर पाऊस होता. खालच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू आहेत, ते फक्त तुला, मैत्रिणींना दुसरे पाठवेन. जेलचा नमुना प्रयोगशाळेत दिलास की पावतीचा फोटो टाक.

तुझा,
बाबा