वामकुक्षी, नुस्ते आणि सर्वेक्षणाची टक्केवारी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दुपारी झोपणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी असतो, अशा आशयाचा मजकूर वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत आणि तिथून व्हॉट्सॲपवर वर्षातून दोन-तीनदा तरी फिरतो. दुपारी एक वाजता दुकानाचे दार ओढून घेणाऱ्या आम्हा गोवेकरांना तो वाचून साहजिकच बरे वाटते. पुढे काही महिन्यांनी त्याच पुरवणीत दुपारची झोप घातक असल्याचे छापून आले, की वाचक दोन्ही बातम्या बाजूला सारतो आणि ताणून देतो. माझ्या मते यात दोष बहुतेक वेळा संशोधकांचा नसतो. लोकांना काय, केव्हा आणि कसे विचारले हा तपशील बातमीपर्यंत येता येता गळून पडतो.

वामकुक्षीचेच पाहू. या विषयावरचा बहुचर्चित अभ्यास ग्रीसमधला असून तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात २३,६८१ प्रौढांचा सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला होता, आणि आठवड्यातून किमान तीनदा, सरासरी अर्धा तास तरी झोपणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले. बातमीत हे ३७ टक्के येतात. एवढ्या माणसांपैकी हृदयविकाराने दगावलेले एकूण १३३ होते, हे येत नाही. आणि ज्यांना आधीपासून हृदयविकार, पक्षाघात किंवा कर्करोग होता त्यांना अभ्यासातून वगळले होते, हे तर कधीच येत नाही. वास्तविक सारी मेख तिथेच आहे. आजारी माणूस थकतो आणि थकलेला माणूस दुपारी आडवा होतो. अशांना वगळले नाही, तर आजारामुळे आलेली झोपच आजाराचे कारण भासू लागते.

दुसरा प्रश्न विचारण्याच्या वेळेचा. गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्यावर, आमच्या घरी आहाराची माहिती गोळा करणारी एक मुलगी आली होती. गेल्या सात दिवसांत नुस्ते, म्हणजे मासे, किती वेळा खाल्ले, हा तिचा प्रश्न होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. घरात पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, खारे बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) तेवढी. मी प्रामाणिकपणे ‘एकदा’ असे सांगितले. हीच मुलगी श्रावणात आली असती तर उत्तर ‘एकदाही नाही’ असे असते, आणि नोव्हेंबरात आली असती तर निदान पाच वेळा. माणूस एक, घर एक, परंतु कागदावर तीन निरनिराळे आहार झाले. मद्याचा प्रश्न तिने शेजारच्या घरी बलकावात (ओसरीवर) बसून, वडिलांच्या समोर मुलाला विचारला. त्याने ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले. काजूच्या मोसमात त्या घरावरून जाताना हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) दरवळ आम्हा सर्वांना येतो, ही गोष्ट अर्थातच नोंदवली गेली नाही. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्या हाती जी प्रश्नावली दिली होती तीच तिने वाचली.

म्हणूनच विचारलेले आणि मोजलेले यांतला फरक वाचकाला कळायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,१३,०४३ जणांच्या अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के निघाले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. ही साखर रक्तातून मोजलेली असल्यामुळे हा आकडा झटकून टाकता येणार नाही. मात्र तो छापून येताच आपण सर्वांनी शीत-हुमण (भात आणि माशांचे कालवण), पोदेराचा (पाववाल्याचा) पाव आणि फेणी यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, ती घाई होती. गोव्याची लोकसंख्या देशाच्या मानाने वयस्कर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार इथले ६२ टक्के लोक शहरी भागात राहतात, आणि याच अभ्यासात देशभराच्या शहरांतले प्रमाण १६.४ तर खेड्यांतले ८.९ टक्के आहे. या दोन गोष्टींचा हिशेब मांडल्याशिवाय ताटाकडे बोट दाखवता येत नाही.

सवयींच्या सर्वेक्षणांना मी निरुपयोगी म्हणत नाही. ब्रिटनमधील डॉक्टरांना १९५१ पासून त्यांच्या धूम्रपानाविषयी पुनःपुन्हा विचारत राहिल्यामुळेच तंबाखूचे खरे रूप सिद्ध झाले. पण उलट उदाहरणही आहे. रक्तात बीटा-कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांतले द्रव्य) अधिक असणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे दिसले होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. १९९४ साली हे निष्कर्ष आले, तरी आजही अशा गोळ्यांच्या जाहिराती पाहतो.

आपणास विनंती एवढीच, की अशा प्रत्येक बातमीखाली दोन ओळी राखून ठेवाव्यात: किती जणांना विचारले, सवय मोजली की नुसती सांगितली गेली, आजारी माणसांना वगळले होते का, आणि टक्के कशाचे. पाहणी गोव्यातली असल्यास ती कोणत्या महिन्यात झाली, तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक, फोंडा