कावीळ झालेल्या मांजराला जेवू घालणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

चिंगीच्या मानेतली नळी निघाली, जखम भरली, कान पुन्हा गुलाबी झाले. आता ती आपल्या तोंडाने खाते आणि खाऊन झालं की सासूबाईंच्या मांडीवर जाऊन बसते. दवाखान्यात येऊन तुमचे आभार मानलेच आहेत. तरी हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण तुम्ही जे समजावून सांगितलंत ते आमच्या एकट्या घरात राहू नये असं मनापासून वाटतं. मांजर जेवत नाही म्हटलं की बहुतेक घरांत "राहू दे, भूक लागली की खाईल" असंच म्हणतात. मांजराच्या बाबतीत ते वाक्य जिवावर बेतू शकतं.

तुमच्याकडे आलो तेव्हा चिंगी पिवळी पडली होती. कानाची आतली बाजू, हिरड्या, टाळू, सगळंच. कावीळ म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. कुणी भुईआवळा आणून दिला, कुणी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला, कुणी उसाचा रस पाजा म्हणालं. एका ठिकाणी तर उपचार म्हणूनच सांगितलं गेलं की पोटाला विश्रांती द्या, लिव्हरचं टॉनिक चालू ठेवा, मांसमच्छी बंद. माणसाच्या काविळीचं पथ्य जसंच्या तसं मांजराला. ती आधीच काही खात नव्हती, त्यात हे.

तुम्ही तिला तपासलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "शेवटचं पोटभर कधी जेवली?" मग वजन पाहिलंत. चिंगी पहिल्यापासून गुबगुबीत. आम्हाला त्याचं कौतुक होतं, आणि तुम्ही मात्र तिथेच थांबलात. जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी वितळून यकृताकडे धावते. ती जाळायला किंवा पुन्हा बांधून बाहेर पाठवायला जी प्रथिनं लागतात ती तर खाण्यातूनच यायची असतात, आणि खाणं बंद. मग चरबी यकृताच्या पेशींतच साचत जाते, पित्त अडतं, मांजर पिवळं पडतं, त्याला मळमळतं आणि ते आणखीच खात नाही. माणूस किंवा कुत्रा उपाशी राहिला तर शरीर प्रथिनांचा खर्च आवरतं. मांजराला ते नीट जमत नाही, कारण त्याचं शरीर शिकारीवर जगण्यासाठी घडलंय. हे तुम्ही आमच्यासमोर कागदावर चित्र काढून सांगितलंत. बाहेर रांग होती, तरी सांगितलंत.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा नुसतं "लिव्हर वाढलंय" म्हणून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. रक्तातली यकृताची दोन विकरं (एन्झाइम्स), त्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज खूप वर आणि गॅमा जीटी मात्र जवळपास जागच्या जागी, ही जोडी तुम्ही बोट ठेवून दाखवलीत. यकृतात चरबी साचण्याकडे बोट दाखवणारी ती खूण. शिवाय कुत्र्याच्या रक्तात हे फॉस्फटेज जवळजवळ तीन दिवसांनी निम्मं होतं, मांजराच्या रक्तात सहाएक तासांतच, म्हणून मांजरात ते थोडं वाढलं तरी दुर्लक्ष करायचं नसतं, हेही सांगितलंत. सोनोग्राफीत यकृत मोठं आणि पांढुरकं दिसलं. बारीक सुईने पेशी काढण्याआधी तुम्ही व्हिटॅमिन के दिलंत, कारण पित्त अडलेल्या यकृतात रक्त गोठवणारे घटक नीट तयार होत नाहीत. आम्हाला घाई झाली होती. तुम्ही थांबलात, आणि आज कळतं की त्या थांबण्यामुळे आमचं मांजर टेबलावर रक्तस्रावाने गेलं नाही.

पण ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायचं होतं ते यापुढचं. चरबी साचली हे कळल्यावर तुम्ही म्हणालात, "हे झालं कशामुळे? ती जेवेनाशी का झाली?" बरेचदा या आजाराच्या मागे दुसरा आजार दडलेला असतो, तो सापडला नाही तर मांजर पुन्हा त्याच वाटेने जातं. तुम्हाला स्वादुपिंडाचा संशय आला. आमच्या मते ते शक्यच नव्हतं, कारण तिला उलटी झालीच नव्हती. तेव्हा तुमच्याकडून कळलं की स्वादुपिंडाला सूज आलेला कुत्रा बहुधा उलट्या करतो, पोट दुखतं म्हणून पुढचे पाय टेकून मागचा भाग वर धरतो. मांजर यातलं काहीच न करता नुसतं कोपऱ्यात मुटकुळं करून बसू शकतं. अमायलेज-लायपेज या पाचक विकरांची साधी तपासणी मांजरात भरवशाची नाही, म्हणून खास स्वादुपिंडाच्या लायपेजची तपासणी करायला नमुना पुण्याला पाठवलात. ती वाढलेली निघाली. बहुतेक मांजरांत स्वादुपिंडाची नळी आणि पित्तनळी आतड्यात शिरण्याआधीच एकत्र येतात, त्यामुळे स्वादुपिंड, पित्तमार्ग आणि आतडं ही तिन्ही एकदम सुजू शकतात. तुम्ही तिन्हींकडे लक्ष ठेवलंत. बी-12 तपासलंत, कमी निघालं, इंजेक्शनं सुरू केलीत.

आणि रिपोर्टची वाट बघत तुम्ही उपचार अडवून ठेवले नाहीत. "नाव नंतर कळेल, खाणं आज सुरू," हे तुमचे शब्द. सलाईन, मळमळीचं औषध, आणि वेदनाशामक. मॅडम, या वेदनाशामकाबद्दल वेगळे आभार. "दुखतंय कशावरून?" असं माझ्या नवऱ्याने विचारलं, तेव्हा तुम्ही तिचे मिटलेले डोळे आणि आखडलेली पाठ दाखवलीत. इंजेक्शननंतर त्या संध्याकाळी ती अंग सैल सोडून, पाय पसरून झोपली. आम्ही तोवर तिला शांत समजत होतो.

नळीची आम्हाला धास्ती वाटली होती. मानेला भोक पाडून अन्ननलिकेत नळी, तीही घरी नेऊन आम्ही सांभाळायची. तुम्ही लपवाछपवी केली नाहीत. वेळेत नळीने खायला घातलं तर बहुतेक मांजरं वाचतात, नाही घातलं तर बहुतेक जातात, असं स्वच्छ सांगितलंत. जबरदस्तीने तोंडात कोंबलं तर अन्न श्वासनलिकेत जायची भीती, शिवाय मांजर त्या अन्नाचा कायमचा तिटकारा करतं, म्हणून नळीच बरी. खर्चाचा अंदाज कागदावर लिहून दिलात, कुठली तपासणी आज लागेल आणि कुठली थांबू शकते तेही. पैशाचं बोलताना अवघडायला झालं नाही, असा तो आमचा पहिलाच दवाखाना.

पाच किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 235 कॅलरी लागतात. पण पहिल्या दिवशी तुम्ही त्याचा चौथा हिस्साच द्यायला सांगितलंत. आम्हाला वाटलं, इतके दिवस उपाशी असलेल्या जिवाला भरपूर घालावं. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, रक्तातली पातळी कोसळते आणि सुधारू लागलेलं मांजर हातचं जातं. म्हणून हळूहळू वाढवायचं आणि मध्ये मध्ये रक्त तपासायचं. नळीत आधी कोमट पाणी, मग मिक्सरमधून काढून चहाच्या गाळणीने गाळलेलं खाणं, अगदी सावकाश, मग पुन्हा पाणी. हे तुम्ही आमच्या हातून करवून घेतलंत.

सासूबाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या माळकरी. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. चिंगी कोरडं खाणं खायची आणि बाकीचं शेजारच्या घरी उरकून यायची. दूधभाताने भागेल का, असं त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही त्यांना समोर बसवून सांगितलंत, "आजी, मांजराला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो, आणि आर्जिनिन हा प्रथिनांतला घटक खाण्यातून पुरेसा मिळाला नाही तर तिच्या रक्तात अमोनिया साठतो. देवाने तिला तसंच घडवलंय." तुमच्या बोलण्यात त्यांच्या माळेचा मान होता. दुसऱ्या दिवसापासून ओट्याऐवजी मागच्या पडवीत वेगळा मिक्सर आला, आणि दुपारची सिरिंज सासूबाईंनी धरली. त्यांच्याइतक्या सावकाश आमच्यापैकी कुणालाच भरवता आलं नाही.

तो आखाड होता. तुमच्या वॉर्डात एक लॅब्रॅडॉर होता, मटणाची काढून टाकलेली चरबी खाऊन स्वादुपिंड सुजलेला. दरवर्षी या दिवसांत असे कुत्रे येतात, असं तुम्ही म्हणालात. त्यालाही तुम्ही फार काळ उपाशी ठेवलं नाहीत. उलट्या आवरल्या तशी चरबी कमी असलेली खिमट सुरू केलीत, आणि मालकाला हात जोडून सांगितलंत की यापुढे ताटातलं काही नाही. पिवळा पडलेला आणखी एक कुत्रा आला तेव्हा तुम्ही आधी हातमोजे चढवलेत आणि आम्हालाही दूर केलंत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टो हा आजार यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही खातो आणि माणसालाही होतो. त्याची लस असते हे आमच्या गल्लीत आता सगळ्यांना माहीत आहे. आणि मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा विष आहे हेही, कारण तो तुमचा कागद आम्ही झेरॉक्स काढून घरोघर दिला.

नळीतून भरवायचे ते आठवडे लांबले तेव्हा माझा धीर सुटत चालला होता. रात्री फोन केला की तुम्ही एवढंच विचारायचात, "आज किती गेलं? उलटी? वजन?" आकडे सांगता सांगता माझा आवाज ताळ्यावर यायचा. एका सकाळी ती आपण होऊन ताटलीशी गेली आणि माशाचा एक तुकडा चाटला. मी तुम्हाला व्हिडिओ पाठवला, तेव्हा नळी लगेच काढायची नाही, आधी स्वतःहून पुरेसं खातेय आणि वजन टिकतंय हे पाहू, असं उत्तर आलं. त्या उत्तरातही काळजी होती.

उरलेल्या सिरिंजा आणि खाण्याचे डबे सोमवारी दवाखान्यात आणून देते, पुढच्या मांजराला लागतील. आणि नळीने भरवायची कुणाला भीती वाटली तर आमच्याकडे पाठवा. दुपारी तीननंतर सासूबाई घरीच असतात, त्या हात धरून दाखवतील.

आपली कृतज्ञ,
चिंगीच्या घरची सगळी