आई-बाबा, जग बुडाल्याची पुस्तकं मी का वाचते

प्रिय आई, बाबा,

नाशिकला दादाकडे नीट पोचलात, बरं वाटलं. आई, परवा फोनवर तू परत विचारलंस की झोपायच्या आधी ती जग बुडाल्याची पुस्तकं कशाला वाचतेस, तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

सध्या एन. के. जेमिसिन या अमेरिकन लेखिकेची तीन भागांची कादंबरी वाचतेय, 'द फिफ्थ सीझन'पासून सुरू होते, तिन्ही भागांना २०१६, १७, १८ असं ओळीने ह्यूगो अवॉर्ड, म्हणजे विज्ञानकथा-कल्पनाकथांसाठीचं मोठं बक्षीस, मिळालंय. जमीन फाटते, आभाळ राखेने भरतं, पुढे हजारो वर्षं हिवाळा असणारे, हे सगळं आहेच. पण खरी गोष्ट एका आईची आहे. ती घरी येते तर नवऱ्याने लहान मुलाला मारून टाकलेलं आणि मुलीला घेऊन तो निघून गेलेला, का तर आईकडची भूकंप आवरायची शक्ती पोरात आलीये आणि तिथे अशा माणसांना लोक घाबरतात, मारतात. मग ही राखेतून मुलीला शोधत निघते. आणि आई, त्या मुलीचा जीव बापावर आहे गं! कारण आईने तिला जगवायचं म्हणून इतकं कडक शिकवलंय, ताबा शिकवताना एकदा तर तिचा हात मोडलाय, त्या लेकराला यात माया कुठून दिसणार? मला तर दोघींचंही पटतं, आणि म्हणूनच पुस्तक खाली ठेवत नाही.

त्यात गावं वेशी बंद करून घेतात, साठवलेलं धान्य मोजून, ज्याचा उपयोग असेल त्यालाच आत घेतात. हे वाचलं की बाबा, मला तुमचं पानशेत आठवतं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि दिवसाढवळ्या नदी पुण्यातल्या पेठांमध्ये शिरली, हे तुम्ही दोन वाक्यांत उरकता. नंतर मात्र आजीने नारायण पेठेतलं एक अनोळखी कुटुंब आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं त्यावर अर्धा तास बोलता, त्या काकूंची आणि आजीची स्टोव्हवरून, पाण्यावरून रोज भांडणं व्हायची ते पण सांगता. एवढी भांडणं होऊन आजीने त्यांना जा कसं नाही म्हटलं? घरात आधीच इतकी माणसं, रेशनचं धान्य, आणि तरी. मला त्या पुस्तकांतही नेमकं हेच शोधायचं असतं, कोण कुणासाठी दार उघडतं आणि उघडल्यावर निभावतं कसं.

त्या काकू पुढे गोखलेनगरला राहायला गेल्या म्हणायचात, त्यानंतर येणंजाणं राहिलं का? त्यांचं नाव काय होतं? दादाच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवा ना सगळं. आई मध्ये मध्ये दुरुस्त्या करेलच, त्या काढू नका.

तुमची,
मनू