‘शंभरातले किती पोचतात?’ एवढे विचारून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देणगी देण्यापूर्वी संस्थेचा प्रशासकीय खर्च पाहावा आणि तो शेकडा दहाच्या वर असेल तर त्या संस्थेच्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून वाचायला मिळतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, आणि धर्मादायाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीचे इतके किस्से कानांवर येतात की ही सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु बत्तीस वर्षे हिशेबाच्या वह्यांत घालवल्यावर, आणि त्यांतली सहा वर्षे एका लहानशा संस्थेची मानद खजिनदार म्हणून काढल्यावर, माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे म्हणून नव्हे, तर विचारायला सर्वांत सोपा आहे म्हणून तो आधी विचारला जातो. आणि त्याचे हवे तसे उत्तर तयार करणेही तितकेच सोपे असते.

ते कसे तयार होते हे हिशेब लिहिणाऱ्यांना ठाऊक असते. संस्थेचा व्यवस्थापक महिन्यातून चार दिवस प्रकल्पाच्या जागी जात असेल, तर त्याच्या पगाराचा किती हिस्सा ‘प्रशासन’ या शीर्षाखाली टाकायचा आणि किती ‘कार्यक्रम’ या शीर्षाखाली, हे पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेले असते. निधी मागण्यासाठी छापलेल्या पत्रकात आरोग्यविषयक चार ओळी घातल्या की छपाईचा निम्मा खर्च ‘जनजागृती’त जमा होतो. मुदत संपत आलेली औषधे देणगी म्हणून स्वीकारायची, ती छापील किमतीने जमेस धरायची आणि त्याच किमतीने खर्ची टाकायची, की एकूण उलाढाल फुगते आणि प्रशासनाची टक्केवारी आपोआप खाली येते. या सगळ्यात कोणी एक पैसाही खाल्लेला नसतो, लेखापरीक्षकाला आक्षेप घेण्यासारखे फारसे सापडत नाही, आणि देणगीदार समाधानाने घरी जातो.

याहून वाईट म्हणजे ही टक्केवारी खरोखरच कमी ठेवण्याचा हट्ट. आमच्या संस्थेत तो होता, आणि खजिनदार या नात्याने त्यात माझाही वाटा होता, हे आधी कबूल करते. आम्ही मुलींना शिष्यवृत्ती देत असू आणि आमचा प्रशासकीय खर्च शेकडा सातच्या वर कधी जात नाही, हे प्रत्येक पत्रकात ठळक अक्षरांत छापत असू. हा आकडा राखण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे एकही पगारी कार्यकर्ता नेमला नाही. त्यामुळे शिष्यवृत्तीचा धनादेश गेल्यानंतर ती मुलगी शाळेत जाते की नाही, हे पाहायला जाणारे कोणी नव्हते. चौथ्या वर्षी एक नवे सभासद स्वतःच्या खर्चाने फिरून आले, तेव्हा कळले की यादीतल्या जवळजवळ एकतृतीयांश मुलींची शाळा सुटलेली होती. शंभरातले त्र्याण्णव रुपये ‘थेट लाभार्थींपर्यंत’ पोचत होते खरे, परंतु ज्या कामासाठी ते दिले होते ते काम होत नव्हते.

हे आमच्यापुरतेच असते तर पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत धर्मादाय संस्थांविषयी माहिती पुरवणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनी, म्हणजे गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, २०१३ मध्ये देणगीदारांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले आणि केवळ प्रशासकीय खर्चाच्या प्रमाणावरून संस्थेची पारख करू नका, असे सांगितले. यांपैकी चॅरिटी नेव्हिगेटरने स्वतःच अनेक वर्षे गुण देताना या प्रमाणाला मोठे स्थान दिले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पत्राचे वजन कळते.

मग विचारायचे काय? खर्च कशावर झाला यापेक्षा, एका फळामागे किती खर्च झाला, हे विचारावे. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात बालकांच्या लसीकरणाविषयी एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. काही गावांत काहीच वेगळे केले नव्हते. तिथे पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण शेकडा ६ होते. काही गावांत ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिरे भरवली; तिथे ते शेकडा १८ झाले. उरलेल्या गावांत शिबिरांबरोबरच दर लशीला आईबापांच्या हातात किलोभर डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला. तिथे ते शेकडा ३९ वर गेले. डाळ वाटणे हा उघड उघड वरचा खर्च आहे, आणि काटकसरी देणगीदार त्यावरच पहिले बोट ठेवील. तरीही पूर्ण लसीकरण झालेल्या एका बालकामागचा खर्च डाळ देणाऱ्या शिबिरांत निम्म्यावर आला, कारण परिचारिकेला दिवसाचा पगार द्यावाच लागतो, मग तिच्यासमोर पाच मुले येवोत की पंचवीस. हा प्रयोग करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना, मायकेल क्रेमर यांच्यासह, २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दारिद्र्यनिवारणाचे उपाय अशा प्रयोगांनी तपासून पाहण्याची जी रीत त्यांनी रुजवली, तिच्यासाठी ते होते.

उलट, कागदावर अतिशय देखणी दिसणारी योजना जमिनीवर किती फसू शकते याचे उदाहरण आफ्रिकेच्या दक्षिण भागात घडले. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचे आणि त्या फिरण्याने पाणी उपसले जायचे, अशी ही कल्पना. २००६ मध्ये तिच्यासाठी अमेरिकेत मोठ्या निधीची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत असे चार हजार पंप बसवण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. परंतु पाणी हवे तेव्हा मुले खेळायला असतातच असे नाही. मग ते जड चक्र बायकांनाच ढकलत बसावे लागे. शिवाय साध्या हातपंपाच्या कित्येक पट किंमत, आणि बिघडल्यावर दुरुस्तीला कोणी नाही. ठरलेल्या मुदतीपर्यंत योजना गुंडाळली गेली होती. निधी देणाऱ्यांपैकी कोणीही लबाड नव्हता, आणि पंप बसवण्याआधी ज्या बायकांनी पाणी भरायचे होते त्यांना चार प्रश्न विचारले असते तर पुष्कळ पैसे वाचले असते.

दुसरी एक गल्लत जाहिरातींमुळे होते. ‘एवढ्याशा पैशांत एका बालकाचा जीव वाचवा’ असे वाक्य दिसले की मी ते पान उलटते. हिवतापापासून बचाव करणारी औषधयुक्त मच्छरदाणी अगदी थोड्या डॉलरांत मिळते, हे खरे आहे, आणि ती उपयोगी आहे, याला भक्कम पुरावाही आहे. पण तो पुरावा नीट वाचला तर असे दिसते की अशा मच्छरदाणीचे संरक्षण मिळालेल्या दर हजार मुलांमागे वर्षाला सुमारे साडेपाच मृत्यू टळतात. उरलेल्या मुलांपैकी बहुतेक तिच्यावाचूनही जगलीच असती. म्हणून मच्छरदाणीची किंमत ही जीव वाचवण्याची किंमत नव्हे. कोणत्या संस्थेच्या कामाने किती फरक पडतो हे २००७ पासून तपासणाऱ्या गिव्हवेल या संस्थेच्या अंदाजानुसार, अत्यंत परिणामकारक संस्थांमार्फतही एक जीव वाचवायला काही हजार डॉलर लागतात. हा आकडा ऐकून काहींचा हिरमोड होतो. माझा उलट विश्वास वाढला, कारण जी संस्था एवढा मोठा आणि गैरसोयीचा आकडा स्वतःहून सांगते, तिने तो काढण्याचे कष्ट तरी घेतले आहेत.

अर्थात प्रत्येक लहान संस्थेकडे असे प्रयोग आणि असे आकडे मागणे अन्यायाचे होईल. वृद्धांची सेवा करणारी दहा जणांची संस्था प्रयोग कशी करणार? तिच्याबाबतीत मी एकच प्रश्न विचारते : गेल्या पाच वर्षांत तुमचे काय फसले? उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, मग मोकळेपणाने बोलू लागला, तर मी पुढचे कागद पाहते; ‘आमचे सगळेच यशस्वी झाले’ असे सांगितले तर पाहत नाही. कॅनडातील इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था आपल्या फसलेल्या कामांचा अहवाल २००८ पासून प्रसिद्ध करू लागली. बांगलादेशात हंगामी स्थलांतरासाठी गरीब शेतमजुरांना मदत देणारा एक कार्यक्रम सुरुवातीच्या प्रयोगांत फार आशादायक ठरला होता. मोठ्या प्रमाणावर राबवल्यावर तसा परिणाम दिसेना, तेव्हा तो चालवणाऱ्या एव्हिडन्स अ‍ॅक्शन या संस्थेने २०१९ मध्ये तो स्वतःच बंद केला. अशा संस्थेला पुढच्या कामासाठी पैसे देताना माझा हात आखडत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबनिसाच्या नजरेतून. संस्था चांगली असली तरी तिला आत्ता पैसे हवेतच असे नाही. २००४ च्या डिसेंबरात हिंदी महासागरात त्सुनामी आली, तेव्हा जगभरातून पैशाचा ओघ असा सुरू झाला की डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने थोड्याच दिवसांत, या आपत्तीसाठी आम्हाला पुरेसा निधी मिळाला आहे, असे जाहीर केले आणि आलेले पैसे इतर संकटांसाठी वापरण्याची परवानगी देणगीदारांकडे मागितली. इतक्या प्रामाणिकपणाचा दाखला विरळाच. एरवी ताळेबंदातील राखीव निधी आपणच पाहावा लागतो : सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा खर्च भागेल इतकी शिल्लक म्हणजे शहाणपण, चार-पाच वर्षांचा खर्च बँकेत पडून असेल आणि तरीही ‘तातडीचे आवाहन’ येत असेल, तर त्या तातडीचे कारण विचारायला संकोच करू नये.

आता किती द्यावे याविषयी. इथे माझे म्हणणे इतकेच की रक्कम आणि संस्था हे दोन निर्णय एका वेळी, एका बैठकीत घेऊ नयेत. समोर रडवेल्या मुलाचे छायाचित्र असताना किती द्यायचे हे ठरवले तर ते छायाचित्रच ठरवते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की एकाच मुलीची कहाणी वाचलेल्या लोकांनी, लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचलेल्या लोकांच्या दुपटीहून अधिक रक्कम दिली. आणि कहाणीबरोबर आकडेवारीही जोडली, तेव्हा देणे पुन्हा उतरले. म्हणून वर्षाच्या आरंभी, कोणी काही मागत नसताना, उत्पन्नाचा एक हिस्सा बाजूला काढावा. तो किती असावा याची मापे जगात फार जुनी आहेत : इस्लाममधील जकात साठलेल्या संपत्तीच्या चाळीसाव्या भागाची आहे, तर ख्रिस्ती आणि शीख परंपरांत उत्पन्नाचा दहावा भाग सांगितला आहे; २००९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या गिव्हिंग व्हॉट वुई कॅन या संस्थेनेही सभासदांच्या प्रतिज्ञेसाठी दहावाच भाग धरला. माझ्यासारख्या मध्यम मिळकतीच्या माणसाला पहिल्याच वर्षी दहावा भाग पेलत नाही. मी शेकडा दोनपासून सुरुवात केली आणि ज्या ज्या वर्षी पगार वाढला त्या वर्षी अर्धा टक्का वाढवला. निवृत्तीच्या वेळी सातावर आले होते, आणि निवृत्तिवेतनातूनही तोच हिस्सा निघतो. ज्यांच्या डोक्यावर चढ्या व्याजाचे कर्ज आहे त्यांनी आधी ते फेडावे. कर्ज काढून केलेला दानधर्म शेवटी सावकाराच्याच घरात जातो. गरजू नातेवाइकाला दिलेली मदत या हिश्शात धरावी की नाही, यावर आमच्या घरात अजून वाद आहे. मी धरत नाही.

हा हिस्सा वीस संस्थांना थोडा थोडा वाटण्याची सवय मात्र मोडावी. प्रत्येक लहान देणगीमागे पावती, टपाल, आभाराचे पत्र आणि पुढच्या वर्षीचे स्मरणपत्र यांचा खर्च लागतो, आणि पुष्कळदा देणगीतला मोठा भाग त्यातच संपतो. शिवाय वीस संस्थांचे अहवाल वाचायला वेळ कोणाला असतो? मी तीन संस्था निवडते, त्यांना निदान तीन वर्षे देते, आणि रक्कम एखाद्या ठरावीक कामाला बांधून घालत नाही. कारण संस्थेवर विश्वास असेल तर वीजबिल कोणत्या पैशांतून भरायचे हेही तिला ठरवू द्यावे. हिश्शाचा दहावा भाग मी कसलीही चौकशी न करता देण्यासाठी वेगळा ठेवते. तो मुख्यतः माझ्या मनाच्या समाधानासाठी आहे, हे मला कळते. उरलेल्यांना ‘यंदाचे आमचे ठरून गेले आहे’ असे सांगता येते, आणि ते खोटे नसते.

शेवटी आपल्याला एक विनंती. मदतीची आवाहने आपल्या पानांवर छापली जातात आणि त्यांना वाचकांचा प्रतिसादही मिळतो. प्रत्येक आवाहनाखाली तीन ओळी संस्थेकडून मागून घ्याव्यात : एकूण किती रक्कम हवी आहे, आजवर किती जमली आहे, आणि मागच्या आवाहनातून आलेल्या पैशांनी नेमके काय झाले. ज्या संस्था ही माहिती देणार नाहीत त्यांचे आवाहन छापू नये असे मी म्हणत नाही. त्या तीन जागा फक्त कोऱ्या सोडाव्यात.

आपली,
एक निवृत्त लेखापाल